१२ मीटरची जुनी एचडीएमआय आणि नवा फोर-के टीव्ही: होटगी रोडवरच्या एका हॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी सोलापुरात टीव्ही आणि साउंडचं फिटिंग करतो. हे काम डिसेंबर-जानेवारीतलं आहे, होटगी रोडच्या बाजूला एक बंगला, घरात रिटायर्ड सर आणि काकू, मुलगा पुण्यात नोकरीला. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय पण वायरिंग आणि माझ्या चुका जशाच्या तशा ठेवल्यात.

सरांना गाण्याचं आणि सिनेमाचं भारी वेड. २०१२ साली त्यांनी पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा सेट घेतला होता, त्याच्याबरोबरचा एव्ही रिसिव्हर, म्हणजे सगळ्या मशीनचं चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरना वाटून देणारा डबा, अजून ठणठणीत. आमच्याकडं सगळे त्याला ॲम्पच म्हणतात म्हणून मी पण ॲम्पच लिहितो. दोन वर्षांनी बंगला बांधला तेव्हा ॲम्प, ब्ल्यू-रे प्लेयर, सेट टॉप बॉक्स असं सगळं हॉलच्या कोपऱ्यातल्या बंद कपाटात टाकलं आणि तिथनं टीव्हीपर्यंत एकच एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी, भिंतीतल्या पाइपातनं नेली. सरळ मोजलं तर अंतर सहा मीटर असेल, पण पाइप दाराच्या चौकटीवरनं वळसा घालून गेलाय म्हणून केबल १२ मीटरची. जुना टीव्ही ४२ इंची, फुल एचडी. दहा वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

दिवाळीत मुलानं ५५ इंची फोर-के टीव्ही आणि एक फोर-के स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका टीव्हीवर दाखवणारी कांडी, पाठवली. टीव्ही कंपनीचा माणूस आला, भिंतीवर टीव्ही टांगला, भिंतीतनं आलेली केबल हाताला लागेल त्या पोर्टात खुपसली, डेमो दाखवला आणि गेला. त्याचं काम तेवढंच असतं त्यामुळं त्याला काय बोलणार.

अडचण

मला फोन आला तो मुलाचा, पुण्यातनं. "दादा, एवढ्या पैशाचा टीव्ही घेतला आणि पिक्चर जुन्यासारखंच दिसतंय म्हणतात बाबा, केबल गेलीय बहुतेक, बदलून टाका, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणारेत त्याच्या आत झालं पाहिजे."

जाऊन बघितलं तर तीन तक्रारी एकमेकीत गुंतलेल्या. एक, स्टिक कपाटात ॲम्पला लावली होती, तिच्यातनं फोर-के येतच नव्हतं, ॲपमध्ये सगळं एचडी म्हणूनच दिसायचं आणि स्टिकच्या सेटिंगात जबरदस्तीनं फोर-के निवडलं की स्क्रीन काळी. दोन, टीव्हीच्या आतली जी ॲप आहेत त्यांचा आवाज फक्त टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधनं यायचा, पाच स्पीकर नुसते शोभेला. तीन, ही काकूंची. त्यांना संध्याकाळी मालिका लावायची तर आधी ॲम्प चालू करा, मग त्याच्यावर बरोबर इनपुट निवडा, मग टीव्ही, मग बॉक्स, तीन रिमोट. ही तिसरी तक्रार सगळ्यात जुनी होती पण ती कुणी तक्रार म्हणून धरलीच नव्हती, मी पण नाही.

सेट टॉप बॉक्स आणि ब्ल्यू-रे मात्र त्याच ॲम्पमधनं त्याच केबलवर झकास चालत होते. इथंच मला थांबून विचार करायला पाहिजे होता.

पहिला डाव, जो चुकला

मुलगा केबल म्हणाला, सर केबल म्हणाले, आणि मी पण मान हलवली, कारण दहा वर्षं जुनी १२ मीटरची केबल आणि फोर-के म्हणल्यावर कुणाच्याही डोक्यात तेच येणार. दुसऱ्या दिवशी १५ मीटरची जाडजूड तांब्याची केबल आणली, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर-के आणि वर २.० छापलेलं. (केबलला असा व्हर्जन नंबर नसतो खरं तर, नंबर असतो तो मशीनला. केबलची ओळख तिच्या स्पीडच्या गटावरनं, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड अशी. हे मला माहीत असून मी ते खोकं उचललं.)

भिंतीतला पाइप २० मिलिमीटरचा निघाला. २० हे बाहेरचं माप, आतनं जागा जेमतेम १६-१७, आणि एचडीएमआयचा प्लग प्लॅस्टिकच्या डोक्यासकट २० मिलिमीटरच्या आसपास रुंद. म्हणजे तो जाणारच नव्हता. मग जुनी केबल कशी गेली होती? ती आधी टाकली आणि पाइप उभा चिरून तिच्यावर चढवला, मग प्लॅस्टर. माझ्याबरोबरचा पोरगा प्लगच्या कडा कटरनं तासायला बसला, म्हणला दादा थोडं घासलं की जाईल. थोडं थोडं म्हणत प्लगचा पत्रा दिसायला लागला. मग जुन्या केबलला नवी बांधून ओढून बघू असं ठरलं आणि दीड फूट ओढल्यावर ती पहिल्याच बेंडला अडकली. पुढं सरकंना, मागं येईना.

"ओढू नको बे, तुटंल," मी ओरडलो, आणि तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, त्यांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "फोडायची नाही ना?" दिवाळीच्या आधीच रंग दिलेला होता.

स्प्रिंग घालून, मागनं ढकलत, तासाभरानं नवी केबल बाहेर निघाली. जुनी शाबूत राहिली हे नशीब. ती तुटली असती तर पुढचं सगळं गणितच बिघडलं असतं, ते का ते खाली येईलच.

मग नीट तपासलं

घरी जाऊन जेवलो आणि मग डोकं चाललं. दुसऱ्या दिवशी दीड मीटरची एक चांगली केबल आणि दोन एचडीएमआय प्लग एकमेकांना जोडायचा बारका जोड, एवढंच घेऊन गेलो.

पहिली टेस्ट, स्टिक थेट टीव्हीला. फोर-के लगेच. म्हणजे टीव्ही आणि स्टिक दोन्ही बरोबर.

दुसरी टेस्ट, टीव्ही जरा खाली घेऊन ॲम्पशेजारी ठेवला, मध्ये दीड मीटरची केबल आणि स्टिक ॲम्पमधनं. परत एचडी. म्हणजे १२ मीटरची केबल चित्रात नसताना पण दोष तोच. दोषी ॲम्प होता! तो २०१२ चा, एचडीएमआय १.४ च्या काळातला. त्या पिढीत सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंतच माहिती जायची, ६० फ्रेमचं पूर्ण रंगाचं फोर-के १८ च्या जवळ जातं आणि ते २.० मध्ये आलं, २०१३ ला. पण नुसत्या स्पीडचा पण प्रश्न नाही, फोर-के सिनेमे आणि मालिका दाखवणारी ॲप एचडीसीपी २.२ नावाची कुलपाची पद्धत मागतात, आणि ती वाटेतल्या प्रत्येक मशीनला समजायला लागते. स्टिक विचारते, पुढं कोण आहे, ॲम्प जुनं उत्तर देतो, स्टिक म्हणते मग एचडीच घे. यात कुठलीच केबल काही करू शकत नाही, सोन्याची आणली तरी.

तिसरी टेस्ट, ॲम्प बाजूला काढून स्टिक थेट १२ मीटरच्या जुन्या केबलवर. आता फोर-के आलं पण काळ्या भागात पांढरे ठिपके चमकायला लागले आणि दर दोन-तीन मिनिटांनी स्क्रीन जायची. म्हणजे केबलचा पण दोष होता, मुलगा अगदीच चुकला नव्हता, फक्त तो दोष ॲम्पच्या दोषाच्या मागं लपला होता. फुल एचडीला सेकंदाला साडेचार गिगाबिट लागतात, तेवढं ही केबल आरामात ओढत होती म्हणून बॉक्स आणि ब्ल्यू-रे चालत होते.

तिन्ही टेस्टना मिळून चाळीस मिनिटं लागली. आदल्या दिवशी भिंतीत चार तास घातले होते.

पर्याय काय होते

सरांना कागदावर आकृती काढून दाखवली, कोण कुठनं कुठं जातंय ते बाणांनी. सर शिकवणारे माणूस, आकृती बघितली की खुश.

पहिला पर्याय, नवा ॲम्प. सगळं एका झटक्यात सुटतं, नवे सगळे आवाजाचे प्रकार पण येतात. पण चांगल्या ॲम्पला त्या टीव्हीइतकेच पैसे लागले असते, आणि वर केबल बदलावी लागलीच असती, म्हणजे भिंत परत आलीच. सर म्हणाले, "चालतंय ते फेकायचं नाही." संपला विषय.

दुसरा, जुना ॲम्प काढून साउंडबार. मुलाला हा पटला होता. मला मनातनं नको होता, कारण ते पाच स्पीकर खरंच चांगले आहेत आणि सरांनी ते जागेवर बसवायला दोन रविवार घालवले होते हे ते मला प्रत्येक वेळी सांगतात.

तिसरा, भिंतीतली केबल बदलून फायबरवाली एचडीएमआय टाकायची. ती बारीक असते, लांब अंतराला फोर-के बिनधास्त नेते, काहींची डोकी सुटी होतात त्यामुळं अरुंद पाइपातनं जाते. फक्त तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं, उलटी टाकली की परत ओढा. पण ॲम्प जुनाच राहणार असेल तर ही केबल टाकून मिळणार काय? काहीच नाही. तीच तर गंमत होती.

चौथा, उलटा विचार. जे फोर-के आहे ते ॲम्पकडं न्यायचंच नाही. स्टिक थेट टीव्हीच्या मागं लावायची, चित्र तिथंच संपतं, आणि फक्त आवाज मागं ॲम्पला पाठवायचा. एचडीएमआय १.४ मध्ये, २००९ पासनं, एआरसी म्हणून सोय आहे, ज्या केबलनं ॲम्पकडनं चित्र टीव्हीला जातं त्याच केबलनं टीव्हीचा आवाज ॲम्पला परत येतो. ह्या ॲम्पच्या मागं आउटपुटजवळ एआरसी लिहिलेलं होतं, दहा वर्षं कुणी वाचलं नव्हतं. आणि त्या परतीच्या आवाजाला लागतं किती, तर सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास. म्हणजे जी केबल फोर-केला नालायक ठरली होती ती या कामाला उरून पुरत होती.

तोटा पण सांगितला. टीव्हीवर ई-एआरसी, म्हणजे एआरसीचा नवा मोठा भाऊ, आहे, त्याची ताकद ३७ मेगाबिट, पण ॲम्प जुना असल्यावर साधं एआरसीच चालणार. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरनं पण येणारा आवाज, मिळणार नाही, ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचा, मिळेल. सरांनी वर छताकडं बघितलं आणि म्हणाले वर स्पीकर तर नाहीतच मग ॲटमॉस घेऊन काय करू. ब्ल्यू-रेचा बिनदाबलेला आवाज मात्र पूर्वीसारखा सरळ ॲम्पलाच जाणार होता, तिथं काही गमवायचं नव्हतं.

चौथा ठरला.

काय केलं

सेट टॉप बॉक्सचं काय करायचं यावर मी जरा अडलो. तो कपाटातच ठेवला तर काकूंची तक्रार तशीच राहते. ॲम्प स्टँडबायमध्ये असताना सिग्नल पुढं सोडायची सोय त्याच्यात होती, पण तो शेवटचं इनपुट धरून बसतो, रात्री सरांनी ब्ल्यू-रे बघितला की दुसऱ्या दिवशी काकूंची स्क्रीन काळी. मी काकूंना विचारलं दिवसात टीव्ही किती वेळ चालतो. सहा तास. त्यातला सरांचा किती? काकू हसल्या, "रविवारी रात्री."

टीव्हीच्या मागं जुन्या केबल टीव्हीचा पॉइंट भिंतीत होता, बंद पडलेला, दुसरं टोक नेमकं त्याच कपाटात. डिशची वायर कपाटात त्याला जोडली, टीव्हीखाली एक बारीक फळी मारली आणि बॉक्स तिथं आणून थेट टीव्हीला लावला. आता मालिकेला ॲम्प लागतच नाही. कपाटात ॲम्पबरोबर राहिला फक्त ब्ल्यू-रे.

मग एआरसी. इथं परत अर्धा तास गेला. भिंतीतनं आलेली केबल टीव्हीच्या पहिल्या पोर्टात होती, एआरसी तिसऱ्यावर. ती हलवली, तरी आवाज नाही. टीव्हीचा एआरसीचा पोर्ट खराब आहे का ॲम्पचा हे कळंना म्हणून १० मीटरची ऑप्टिकल केबल आणली होती ती हॉलमधनं जमिनीवरनं सरळ टाकली. ऑप्टिकल म्हणजे तोशिबानं १९८३ ला काढलेली ती चौकोनी टोकाची, तिच्यातनं लाल उजेड जातो, वीज नाही. तरी शांतता. मी टीव्ही बंद करून चालू करतोय, मेनू उलटेपालटे करतोय, आणि काकूंनी ॲम्पकडचं टोक हातात घेऊन म्हणलं, "ह्याच्यावर हे प्लॅस्टिक कशाला असतंय?" बोंडाएवढी पारदर्शक टोपी, नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर असते, टीव्हीकडची मी काढली होती आणि ही तशीच राहिली होती. ती काढली, टोक तळहातावर धरलं, लाल ठिपका दिसला. खुपसल्यावर पाची स्पीकर बोलायला लागले.

म्हणजे टीव्हीतनं आवाज बाहेर पडत होता, अडलं होतं एआरसीच. ॲम्पच्या मेनूत एचडीएमआय कंट्रोल, ज्याला सीईसी म्हणतात आणि ज्यानं एक मशीन दुसऱ्याला हुकूम देतं, ते बंद होतं. बहुतेक मशीनवर ते चालू केल्याशिवाय एआरसी जागं होत नाही, आणि टीव्हीवाले प्रत्येक जण त्याला वेगळंच नाव देतात त्यामुळं शोधायला लागतं. चालू केलं, दोन्ही मशीन बोर्डावरनं बंद करून परत लावली, झालं. टीव्हीत आवाजाचं आउटपुट पीसीएमवर होतं ते ऑटोवर घेतलं, नाहीतर ५.१ ऐवजी दोनच स्पीकरचा आवाज गेला असता.

मग ऑप्टिकलच ठेवू का असं सरांनी विचारलं. तिचा एक मोठा फायदा आहे, विजेचा संबंध नसल्यानं घरघर येत नाही आणि सीईसीच्या भांडणात ती पडत नाही. पण तिच्यावर टीव्हीच्या रिमोटनं ॲम्पचा आवाज कमीजास्त होत नाही, आणि ती जमिनीवरनं गेली असती. एआरसी ठेवलं.

स्टिकच्या पोर्टाला टीव्हीच्या मेनूत पूर्ण ताकदीचा फोर-के सिग्नल घ्यायचं सेटिंग चालू केलं, ते बऱ्याच टीव्हीत पोर्टागणिक वेगळं असतं. स्टिकला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतनं न देता तिच्या स्वतःच्या अडॅप्टरमधनं दिली.

एक राहिलंच. केबल हलवताना पोरग्याच्या बोटाला झिणझिणी आली. टीव्हीमागचा बोर्ड उघडला तर अर्थिंगच्या भोकाला आतनं वायरच नव्हती, मोकळं. अर्थिंगची वायर ओढून जोडली. अशा घरात चालू मशीनवर एचडीएमआय काढ-घाल करून पोर्ट जळालेले मी बघितलेत, म्हणून आता आधी बोर्डाचं बटण बंद.

निकाल

यात्रेच्या चार दिवस आधी काम संपलं. भिंत फोडली नाही. फोर-के स्टिकवर, ५.१ ॲम्पवर, मालिका एका टीव्ही आणि एका बॉक्सच्या रिमोटवर. मुलाला फोनवर सांगितलं की केबल बदलली नाही तर त्याचा विश्वासच बसंना, व्हिडिओ कॉल करून टीव्हीची माहितीची पट्टी दाखवली तेव्हा गप्प बसला.

सगळंच गोड नाही. सीईसीमुळं टीव्ही लावला की ॲम्प आपोआप जागा व्हायचा, काकूंना सकाळी भजनाला एवढा मोठा आवाज नको होता, मग ॲम्पचं आपोआप चालू होणं बंद केलं आणि सर लागेल तेव्हा हातानं लावतात. महिन्यातनं एखाद वेळी एआरसी झोपून राहतं, तेव्हा बोर्डावरनं बंद-चालू. सरांना ते जमतं.

एप्रिलमध्ये परत फोन आला, ॲम्प अर्ध्या सिनेमात बंद पडतोय. सोलापूरचा उन्हाळा, बाहेर ४२-४३, बंद कपाट, आतनं ॲम्प तापून स्वतःच बंद व्हायचा. कपाटाची मागची प्लायची पाटी कापून जाळी बसवली.

परत करायचं झालं तर

पहिला फोन आला तेव्हाच मी ॲम्पच्या मागच्या बाजूचा फोटो मागवायला पाहिजे होता. मॉडेल नंबर आणि पोर्टावरची अक्षरं, एवढ्यावर अर्धं निदान घरी बसून झालं असतं. आता मी फोटो आल्याशिवाय जातच नाही, काही लोक चिडतात, चिडू देत.

दुसरं, बॉक्स आणि ब्ल्यू-रे चालतंय आणि फक्त स्टिक चालत नाही हे समोर दिसत असताना मी केबलच्या मागं लागलो, कारण गिऱ्हाइकानं केबल म्हणलं होतं. दीड मीटरची केबल बॅगेत होती त्या दिवशी पण. ती काढायचा कंटाळा केला.

तिसरं, काकूंचा प्रश्न मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलाच नाही. बॉक्स हलवायचं सुचलं ते शेवटी, आणि योगायोगानं तो जुना पॉइंट होता म्हणून जमलं. नसता तर पट्टी मारून वायर न्यावी लागली असती आणि सरांनी ती चालवून घेतली असती असं मला वाटत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून ठरलेलं नाही. सरांनी अजून थोडे पैसे घातले असते तर फायबरची केबल आत्ताच टाकून ठेवता आली असती, पुढं ॲम्प बदलला की ती लागणारच आहे. मी ते सुचवलं नाही कारण जुनी केबल बाहेर काढताना तुटली तर एआरसी पण गेलं असतं आणि यात्रा तोंडावर होती. मुलगा आता येत्या दिवाळीत नवा ॲम्प घेऊ म्हणतोय. तेव्हा पाइप परत उघडायचाय. माझी ती १५ मीटरची तासलेल्या डोक्याची केबल दुकानात खिळ्याला टांगलीय, एका बाजूनं प्लगचा पत्रा दिसतो त्यामुळं कुणी घेत पण नाही.